‘जुळत नाही’ एवढंच सांगितलं

मी बरी झालेली नाही. हे सुरुवातीलाच सांगते, कारण असं काही वाचायला घेतलं की शेवटी माणूस बरा होऊन घरी जाईल असं आपण धरून चालतो. मी घरीच आहे, आलापल्लीत. पोटात एक नळी आहे, नागपूरच्या एका दवाखान्याच्या प्रतीक्षायादीत नाव आहे, आणि शिलाई मशीन पुन्हा सुरू केलं आहे.

हे लिहायला मला वैजयंती मॅडमनी सांगितलं. त्या किडनीच्या डॉक्टर आहेत. साखर नाही, रक्तदाब नाही, अशा माणसांच्या किडन्या आपल्या भागात का जातात यावर त्यांचं संशोधन चाललं आहे. म्हणाल्या, “सुनंदाताई, औषधांची नावं लिहू नका, ती आम्ही सांगतो. बाकीचं लिहा. ते आम्हाला कोणी सांगत नाही.”

म्हणून बाकीचं लिहिते आहे. ज्यांच्या घरात हे नुकतंच कळलं असेल, त्यांच्यासाठी.

उलट्या

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं. त्यामुळे सकाळी उठल्याबरोबर मला उलट्या व्हायला लागल्या, तोंडाची चव गेली, पाय सुजून चपलेत जाईनात, तेव्हा आमच्या घरांच्या ओळीतल्या बायांनी आपसातच ठरवून टाकलं. एकीनं आंबट बोरं आणून दिली. दुसरी म्हणाली, “मशीनवर नको बसत जाऊ आता.”

मीही मानलं. कोणाला बोलले नाही, पण दुकानातून पिवळ्या लोकरीचा एक गुंडा आणला. मिस्टर वनविभागात गाडी चालवतात. ते ड्युटीवरून आले तेव्हा त्यांना इतकंच म्हटलं की दवाखान्यात जाऊन येऊ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून हसले. तसं हसताना मी त्यांना लग्नानंतर क्वचितच पाहिलं होतं.

आलापल्लीच्या दवाखान्यात नर्सबाईंनी तपासणी केली आणि म्हणाल्या, “नाई बाई, तसं काई नाई. पण तुमच्या अंगात रक्तच नाई दिसून राह्यलं. चंद्रपूरले जा.”

चंद्रपूरला जाईपर्यंत मला दम लागत होता. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि खुर्ची फिरवून मिस्टरांना म्हणाले, “यांच्या दोन्ही किडन्या आकसल्या आहेत.” मी समोरच बसले होते. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

मिस्टरांनी विचारलं, “किती दिवसांत दुरुस्त होतीन?”

“दुरुस्त होणार नाहीत. डायलिसिस सुरू करावं लागेल. आजच.”

मिस्टर म्हणाले, “मी चहा घेऊन येतो.” आणि गेले. मला डॉक्टरांनी मानेत सुई घालण्यासाठी आडवं केलं, सही कोणाची घ्यायची म्हणून कंपाउंडर दोनदा बाहेर पाहून आला, तरी मिस्टर आले नव्हते. शेवटी सही मीच केली. पुष्कळ वेळानं ते आले तेव्हा हातात चहा नव्हता आणि डोळे लाल होते. मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. आमच्यात न बोलण्याची सुरुवात त्या दिवसापासून झाली.

लोकरीचा गुंडा घरी जाऊन मी शेजारच्या पोरीला देऊन टाकला.

चंद्रपूरची खोली

डायलिसिस एक दिवसाआड होतं. आलापल्लीहून एक दिवसाआड चंद्रपूरला येणं हे ठणठणीत माणसालाही जमणारं नाही. म्हणून दवाखान्याजवळ एक खोली घेतली आणि मी तिथे एकटी राहायला लागले. मिस्टरांना सुट्टी मिळेल तेव्हा ते येत. सुट्टी कमी मिळे.

मशीनवर चार तास पडून राहायचं. बाजूच्या पलंगावर कोण आहे ते ओळखीचं होतं, पण बोलणं फारसं होत नाही. रक्त बाहेर जाऊन परत येत असताना माणसाला गप्पा सुचत नाहीत. कधी एखादा पलंग रिकामा दिसे. सिस्टर चादर बदलून नवा माणूस तिथे घेत. आम्ही कोणीच विचारत नसू की तो आधीचा कुठे गेला.

मशीनवरून सुटल्यावर खोलीपर्यंत चालत येताना पाय कापत. कुलूप उघडायचं, पंखा लावायचा, पडायचं. चंद्रपूरचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे. त्या उन्हाळ्यात दिवसभराचं पाणी एका बाटलीत मोजून ठेवलेलं असे. मी घोट घेत नसे, ओठ ओले करत असे. घरमालकीण एकदा बर्फाचा खडा देऊन गेली. तो मी तोंडात धरून इतका वेळ बसले की जीभ बधिर झाली. त्या बाईचा चेहरा आता नीट आठवत नाही, तो बर्फ आठवतो.

फोन येत. पहिले काही आठवडे पुष्कळ आले. सगळे विचारत, “आता कसं आहे?” मी म्हणे, “बरं आहे.” पलीकडून सुटका झाल्यासारखा श्वास ऐकू येई. मग फोन कमी झाले.

प्रश्न

वैजयंती मॅडम त्या दवाखान्यात महिन्यातून एकदा नागपूरहून येत. पहिल्यांदा आल्या तेव्हा खुर्ची ओढून माझ्या पलंगाशी बसल्या आणि मला विचारायला लागल्या. मिस्टरांना नाही, मला. माहेर कुठलं? चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीजवळचं गाव. शेती कशाची? धानाची. रोपं लावायला, रोवणीला, किती वर्षं वाकलात? लग्न होईपर्यंत दरवर्षी. अंगदुखीला गोळ्या किती खाल्ल्या? पाणी कुठलं प्यायचात, विहिरीचं की हातपंपाचं? मी सांगत गेले. त्यांनी माझं रक्त घेतलं, आणि हे रक्त तुमच्या उपचारासाठी नसून माझ्या अभ्यासासाठी आहे, नाही म्हणालात तरी चालेल, हेही स्पष्ट सांगितलं.

मी त्यांना विचारलं, “मॅडम, मलेच काऊन झालं?”

इतके दिवस मला पुष्कळांनी कारणं दिली होती. कोणी मीठ म्हणालं, कोणी शिलाई मशीनवर बसणं म्हणालं, नात्यातल्या एका बाईनं मूल न होण्याशी त्याचा संबंध लावला. मॅडम म्हणाल्या, “माहीत नाही. मला खरंच माहीत नाही. म्हणून तर गावोगाव पाणी गोळा करत फिरते.”

त्या उत्तरानं मला कितीतरी हलकं वाटलं. मी काही केलं म्हणून हे झालं, असं न म्हणणारी ती पहिली बाई.

घरच्या घरी पोटातून डायलिसिस करता येतं हे त्यांनीच सांगितलं. पोटात नळी बसवायची, पिशवीतलं पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी ते काढून नवं भरायचं. दिवसातून चारदा. हात स्वच्छ पाहिजेत आणि खोली स्वच्छ पाहिजे. जरा चूक झाली की पोटात जंतू शिरतात. “तुमच्यासारख्या दूरच्या लोकांना हे जमतं का, तेही मला बघायचं आहे,” म्हणाल्या. मी शिवणकाम करणारी. हाताचं काम मला शिकवलं की येतं.

आलापल्लीची खोली

मिस्टरांनी घरातली मागची खोली रिकामी केली. स्वतः चुना मारला, खिडकीला बारीक जाळी ठोकली, पिशवी टांगायला भिंतीत खिळा मारला. औषधाच्या पाण्याचे खोके ट्रान्सपोर्टच्या गाडीनं येत, ते सगळे एकेक करून खांद्यावरून आत आणून रचले. त्या दोन दिवसांत ते माझ्याशी दहा वाक्यंही बोलले नसतील. पण खिळा मारताना त्यांनी मला उभं करून माझी उंची पाहिली, हात वर करायला लावला, आणि मग खूण केली. मी त्या वेळी बाजूला जाऊन रडले.

आता सगळं करायचं ते एकटीनं. दार लावायचं, खिडकी लावायची, पंखा बंद, तोंडाला मास्क. कोपरापर्यंत हात धुवायचे. नळीचं टोपण काढताना श्वाससुद्धा जपून. त्या वेळी खोलीत दुसरं कोणी नको. पोटातलं पाणी खाली पिशवीत उतरत असताना मी भिंतीकडे बघत बसे. बाहेरून सागाचे ओंडके भरलेले ट्रक जात, घर हलल्यासारखं होई. कोणी दारावर आलं तर मी आतून ओरडे, “थांबा जरा.” थोडा वेळ थांबून माणूस निघून जाई. हळूहळू यायचेच बंद झाले.

ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायाही कमी झाल्या. एकीनं अर्धवट काम परत मागितलं. म्हणाली, “तुमाले तरास नको.” दुसऱ्या दिवशी मला दुसऱ्या टेलरबाईकडून कळलं की तिच्या सासूला हा आजार कपड्यातून लागतो अशी भीती वाटते.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. आता दिवसाला जास्तीचा एक कप चहा पिता यायला लागला. ज्याला कधी पाणी मोजून प्यावं लागलं नाही त्याला त्या कपाचं महत्त्व कळणार नाही.

मिस्टर बाहेरच्या खोलीत झोपत. माझ्या खोलीत धूळ नको म्हणून, असं आम्ही दोघंही म्हणत असू.

कोण देणार

किडनी बदलायची तर देणारा पाहिजे. मिस्टरांचा रक्तगट माझ्याशी जुळत नव्हता. हे कळलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचे खांदे खाली आले. सुटल्यासारखे की खचल्यासारखे, ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही.

मॅडमच्या नागपूरच्या दवाखान्यात, बाह्यरुग्ण विभागात बाकावर बसून मी जोड्या बघे. नवऱ्याला देणारी बायको. मुलाला देणारी आई. भावाला देणारी बहीण. माझ्यासारख्या रोगी बायाही होत्या, पण त्यांच्या शेजारची जागा बहुतेक रिकामी असे. मी हे मॅडमना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “मी हेच वर्षानुवर्षं बघते आहे. देणाऱ्या बहुतेक बाया, घेणारे बहुतेक पुरुष. याची कुठली रक्ततपासणी नाही.”

माझे आईवडील गेलेले. रक्ताचं माणूस म्हणजे एकच, धाकटा भाऊ गजू. तो गावाला शेती करतो. बायको मंदा, एक मुलगी. मी त्याला विचारणार नव्हते. विचारायचं कसं? ‘तुझ्या शेतातला एक तुकडा दे’ म्हणणंही सोपं.

पण रोवणी संपल्यावर एक दिवस तो स्वतःच आला. ओसरीत बसला. माझ्याकडे न बघता बोलला. मोठी बहीण म्हणून तो मला बाई म्हणतो.

“बाई, मी देतो.”

“काय?”

“दोन हायेत ना मले. एक तुले.”

“मंदाले विचारलं?”

“विचारलं. रडली. मंग म्हणे, जा.”

मी आत गेले. चहा ठेवला आणि गॅस पेटवायचाच विसरले. बराच वेळ त्या थंड पातेल्यासमोर उभी होते. आमच्या घरात बाईसाठी कोणी असं काही केल्याचं मला आठवत नव्हतं.

बाकावर

गजूच्या तपासण्या सुरू झाल्या. दोन-तीन फेऱ्या झाल्या. त्या फेऱ्यांमध्ये तो खुशीत असे. बसमध्ये मला म्हणे, “माह्यी किडनी लागली का तू बी माह्यावानी घोरशीन.” मी हसे. हसून पोटातली नळी ओढली जाई, तरी हसे.

शेवटच्या फेरीला मिस्टर ड्युटीवर होते, आम्ही दोघंच गेलो. मॅडमनी गजूला एकट्यालाच आत बोलावलं. देणाऱ्याशी एकट्याशी बोलायचं हा त्यांचा नियमच आहे, त्याच्यावर कोणाचा दबाव नको म्हणून. मी बाहेर बाकावर होते. बराच वेळ गेला. दार उघडलं, गजू बाहेर आला, माझ्या समोरून गेला आणि जिना उतरून खाली निघून गेला. माझ्याकडे त्यानं पाहिलंच नाही.

मॅडमनी मला आत बोलावलं. “सुनंदाताई, त्यांची किडनी घेता येणार नाही. जुळत नाही.”

“काय जुळत नाई?”

“वैद्यकीय कारण आहे. मला इतकंच सांगता येईल.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझी तेव्हाची मनःस्थिती कळणार नाही. त्या बाकांवर बसणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं, की एखादा देणारा ऐन वेळी घाबरला, आणि त्यानं डॉक्टरांना एकांतात तसं सांगितलं, तर डॉक्टर घरच्यांना ते सांगत नाहीत. ‘जुळत नाही’ म्हणतात. म्हणजे घरात भांडण होत नाही. चांगला नियम आहे. पण त्यामुळे खरंच जुळत नसेल तरी तेच शब्द ऐकू येतात.

मी ते शब्द ऐकले आणि मनाशी म्हटलं, गजू फिरला.

परतीच्या बसमध्ये तो मागच्या सीटवर जाऊन बसला. गडचिरोलीच्या स्टँडवर उतरलो. तो म्हणाला, “सावलीची गाडी लागली, येतो बाई.” मी म्हटलं, “ये.” एवढंच. पुढचा आलापल्लीपर्यंतचा जंगलातला रस्ता मी एकटीनं केला. राग आला नव्हता. अंगातून सगळं काढून घेतल्यावर राग कुठून येणार?

गप्प

नंतर गजूचा फोन नाही. मी केला तर मंदा उचले. “ते वावरात हायेत.” कधीही केला तरी वावरात. मिस्टर एकदा चिडून म्हणाले, “नाई द्याची होती तर आशा काऊन लावली?” मी त्यांना गप्प केलं. भावाची बाजू घेण्यासाठी नव्हे. ते वाक्य माझ्या मनात रोज फिरत होतं आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकवत नव्हतं.

सण आले, गेले. मी पिशव्या बदलत राहिले. एकदा पोटातून गढूळ पाणी निघालं, म्हणजे जंतू शिरले होते. ताप, थंडी, पोटात सुरी फिरवल्यासारखं दुखणं. गडचिरोलीला भरती झाले. त्या आठवड्यात दाराकडे पाहून मी ज्याची वाट पाहत होते, तो आला नाही. त्याला कोणी कळवलंच नव्हतं, हे पुढे समजलं. मिस्टरांनी मुद्दाम कळवलं नव्हतं.

घरी आल्यावर मी मॅडमना सांगून प्रतीक्षायादीत नाव घातलं. मेंदू मृत झालेल्या माणसाच्या घरच्यांनी दिली तर मिळणार. ती यादी कधी हलते कोणी सांगू शकत नाही. मॅडम अभ्यासासाठी आलापल्लीला आल्या की आमच्या ओसरीत बसत. मी दोनदा विचारलं, “माह्या भावानं नाई म्हटलं होतं काय?” दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, “ते तुम्ही त्यांनाच विचारा.” दुसऱ्या वेळी त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, त्यांना माझी कीव येते आहे.

फोन

एका सकाळी दवाखान्यातून फोन आला. किडनी आहे, लगेच निघा, काही खाऊ नका. मिस्टर घरीच होते. ओळखीच्यांची गाडी मिळाली. सोबत दोन माणसं आणा, रक्त द्यावं लागेल, असंही सांगितलं होतं. गाडीत बसल्यावर मिस्टरांनी पुष्कळांना फोन लावले. इतक्या घाईत नागपूरला कोण पोचणार? शेवटी त्यांनी मला न विचारता गजूला लावला. त्याचं गाव नागपूरला आमच्याहून जवळ. मला पलीकडचा आवाज ऐकू आला नाही. मिस्टर म्हणाले, “येतो म्हणते.”

आम्ही पोचलो तेव्हा तो दवाखान्याच्या दारात उभा होता. बारीक झाला होता. मी मान हलवली, त्यानंही हलवली.

मला आत घेऊन रक्त काढलं. तिथे कळलं की एका किडनीसाठी दोघांना बोलावतात. पहिल्याचं काही जुळलं नाही तर दुसरा. दुसरी मी होते. पहिली एक कॉलेजची मुलगी होती, वर्ध्याकडची, सोबत तिचे वडील.

मग सिस्टर बाहेर आल्या. “रक्त कोण देणार?” मिस्टर उठले. गजूही उठला.

सिस्टर त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, “अहो गजानन, तुम्ही काय उठता? तुमच्या तर किडनीच्या गोळ्या चालू आहेत ना? बसा.”

मिस्टर तसेच उभे राहिले. सिस्टरांच्या लक्षात आलं की आपण काहीतरी बोलून गेलो, त्या घाईघाईनं मिस्टरांना घेऊन आत गेल्या. बाकावर आम्ही दोघं उरलो.

“तुह्या गोळ्या?” मी म्हटलं.

गजू हाताची बोटं बघत बसला. “त्याच तपासणीत निघालं. लघवीतून काई जाऊन राह्यलं म्हणे. किडनी थकून राह्यली माह्यी बी. मॅडम म्हणे, लवकर सापडलं, गोळ्या खा, दर महिन्याले या. बरीच वर्षं चालन म्हणे.”

“मंग काऊन नाई सांगितलं मले?”

“मोठ्या तोऱ्यात देतो म्हणून आलतो. अन् आपणच बिमार निघालो.” मग तो हळू आवाजात म्हणाला, “अन् तुले पाहिलं का मले माहंच पुढचं दिसे, बाई. ते पाह्यची हिंमत नोती. मंदा म्हणे जाऊन या, पण माह्ये पायच नाई उचलत.”

मला काय वाटलं ते नीट सांगते. आधी थंड पडले. मग मनात आलं, की हा इतके महिने माझ्यासारखाच एका खोलीत बसला होता, फक्त त्या खोलीला भिंती नव्हत्या. मी त्याचा हात धरला. त्याच्या हाताला नांगराचे घट्टे आहेत, ते लहानपणापासून मला माहीत आहेत. तो रडला नाही. मीही नाही. मिस्टर कापूस दाबून बाहेर आले, आमच्याकडे बघून काही न विचारता बाजूला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजयंती मॅडम आल्या. त्या मुलीशी किडनी जुळली होती. “तुमचं नाव यादीत तसंच आहे,” म्हणाल्या. मी मान डोलावली. ती मुलगी आत जाताना तिचे वडील माझ्यासमोर आले आणि हात जोडून उभे राहिले, जणू मीच काही दिलं होतं. मी त्यांच्या जोडलेल्या हातांना फक्त हात लावला.

मॅडम गजूकडे वळल्या. त्याला सर्वांसमोर काही न विचारता म्हणाल्या, “तुमच्या गावात पुढच्या महिन्यात तपासणी ठेवते आहे. लोक येत नाहीत, घाबरतात. तुम्ही सांगाल का त्यांना?”

गजू म्हणाला, “मीच घाबरतो, मॅडम.”

“म्हणूनच तुमचं ऐकतील.”

स्टँडवर

आमची गाडी आदल्या दिवशीच परत गेली होती. आम्ही तिघं बसस्टँडवर आलो. मी पिशवी दवाखान्यात बदलून घेतली होती. आता खाता येत होतं. मिस्टरांनी पोळी-भाजी आणली, माझ्यासाठी बिनमिठाची वेगळी सांगून करवून घेतली होती. आम्ही सिमेंटच्या बाकावर बसून खाल्लं. गजूनं घास हातात धरून ठेवला होता.

“बाई.”

“काय रे?”

“कसं राह्यते? खरं सांग. मले बरं हाय असं नको सांगू.”

कोणीच मला हे विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी आकडे विचारले होते, नातेवाईकांनी तब्येत विचारली होती. मी त्याच्याकडे बघितलं. हा खरंच ऐकणार होता, कारण त्याला ऐकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

मी सुरुवात केली. चंद्रपूरच्या त्या डॉक्टरांनी फिरवलेली खुर्ची सांगितली. मानेतली सुई सांगितली. रिकामे होणारे पलंग सांगितले. दार लावून बसल्यावर बाहेरचे आवाज कसे लांब जातात ते सांगितलं. त्याला बरं वाटावं म्हणून काही झाकलं नाही, आणि उगाच घाबरवलंही नाही. त्याला किती वर्षं आधी सापडलं, त्याचं नशीब माझ्याहून किती चांगलं, तेही सांगितलं. तो घास तसाच धरून ऐकत होता.

तेवढ्यात गडचिरोलीची गाडी लागली. गर्दी धावली. मिस्टर सवयीनं पुढे गेले, खिडकीतून आत रुमाल टाकून तीन जागा धरल्या आणि दारात उभे राहून आम्हाला हाका मारायला लागले. “चला ना! जागा भेटली.”

मी बोलत होते. गजू जागचा हलला नाही.

“भाऊजी, जाऊ द्या ही,” तो म्हणाला. “दुसरी येईन.”

कंडक्टरनं घंटी मारली. मिस्टर दारात एक पाय आत, एक पाय बाहेर असे क्षणभर उभे राहिले. मग आत गेले, सीटवरचा रुमाल उचलला आणि गाडी सुटता सुटता खाली उतरले. येऊन माझ्या दुसऱ्या बाजूला बसले. रुमालाची घडी घालायला त्यांना पुष्कळ वेळ लागला.

“मले बी सांग,” ते म्हणाले. “पहिल्यापासून.”